धाकटीची फेरी

तार लागली म्हणते ना मी, सिस्टर — कुंपणाची तार! मागच्या बाजूचं ते जुनं कुंपण बर्फाच्या ओझ्यानं पार वाकलंय, तिथं हे गेले, टाच अडकली, झालं. गंजकी तार म्हटल्यावर चिघळणारच की. काय? दोन्ही बाजूंना कशी लागेल? — लागते हो, तारेचं काय, एका बाजूनं शिरली आणि दुसऱ्या बाजूनं — बरं ते जाऊ दे, तुम्ही आधी पाणी कोमट आहे का बघा, नाहीतर किटलीतलं अजून घालते. गार पाणी लागलं की हे पाय झाडतात, मग ह्यांची टाच आणि तुमचं तोंड. अहो, पाय सैल सोडा. सिस्टर आहेत त्या, दवाखान्यातून आल्यात. — नाही, ओळखत नाहीत, मला तरी कुठं ओळखतात! मला ‘बाई’ म्हणतात. सकाळी चहा हातात दिला की म्हणतात, ‘बाई, तुमचे फार उपकार झाले.’ उभा जन्म ह्यांच्यापुढे ऊन-ऊन ताट ठेवलं तेव्हा उपकार आठवले नाहीत, आता आठवतात. हसू नका, खरं सांगते.

आणि पाय जरा जपून ठेवा, तुमच्या स्टुलाखाली थोरली कुत्री आहे. बहिरी झालीय ती, हाक मारून उठायची नाही, शेपटीवर पाय पडला तरच कळतं तिला कुणी आलंय ते. काय करणार, हिवाळ्यात शेगडी एकाच खोलीत पेटती ठेवायची म्हटल्यावर सगळं बिऱ्हाड इथंच. ह्यांच्या मांडीवर ती मांजर, तिला आम्ही मावशी म्हणतो, ती शेगडीपेक्षा ह्यांच्या पोटाला जास्त ऊब मिळते म्हणून बसलेली, प्रेमबिम काही नाही. मोरीजवळच्या खोक्यात कोंबडी आहे, तिच्या तुऱ्याला बर्फ चावला, काळा पडलाय, बरा होईतोवर आत ठेवलीय. वास येतोय ना? येणारच. मला आता येत नाही. लेक सुट्टीत आली होती, नाकाला रुमाल लावून बसली आणि म्हणाली, आई, हे घर आहे का गोठा! म्हटलं, बाळे, गोठ्यात इथल्यापेक्षा जास्त ऊब आहे, चल तिकडे.

ती? ती धाकटी. आमच्याकडे कुत्र्यांना नावं नाहीत, थोरली आणि धाकटी, सुनांना म्हणतात तसं. घाबरू नका, ती चावत नाही — म्हणजे काही करत नाही, असं म्हणायचंय मला. परक्या माणसाकडे ढुंकूनही बघायची नाही. बघा ना, तुमच्याकडे बघतेय का? ह्यांच्याकडेच बघतेय. मान खाली, डोळे वर. कळपाच्या कुत्र्याची नजरच तशी असते, मेंढी त्या नजरेनंच वळते, भुंकायचं काम नाही. — छे, आता कुठल्या मेंढ्या, मेंढ्या गोठ्यात कोंडल्यात, बर्फ वितळेपर्यंत बाहेर नाहीत. तेच तर! जवान कुत्र्याला काम नसलं की ते काम शोधतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आधी कोंबड्या झाल्या — सगळ्या गोळा करून कोपऱ्यात उभ्या केलेल्या, दिवसभर, अंडी बंद. मग मावशीला वळायला गेली, पण मांजर ते, नाकावर एक पंजा ओढला, प्रकरण मिटलं. मग — मग काही नाही. तुम्ही ते लाल औषध लावताय का? झोंबेल हं.

ह्यांनीच शिकवली तिला. लांबून लांबून लोक यायचे ह्यांच्याकडे कुत्री घेऊन. हे म्हणायचे, पळायला शिकवावं लागत नाही, गोल फेरी घ्यायला शिकवावं लागत नाही, ते आईच्या दुधातून येतं. कुत्रं सोडलं की ते आपसूक मेंढ्यांच्या पलीकडे जातं आणि अलीकडे माणूस जिथं उभा असेल तिथं त्यांना आणून घालतं. शिकवायचं असतं ते थांबायला. गळ्यात लांब दोरी, दोरी ह्यांच्या बुटाखालून, शिट्टी वाजली आणि कुत्रं थांबलं नाही की बूट दाबायचा. मारायचं नाही. एका कुत्र्यावर हात उचलला नाही ह्यांनी कधी, शेजारीपाजारी त्याचं कौतुक करायचे — किती शांत माणूस! हो. कुत्र्यांशी शांतच होते. माझ्याशी — ते जाऊ दे. झालं गेलं. आता बघा कसे बसलेत, ‘उपकार झाले’ म्हणतात, पाणी मागितलं तर ‘जमेल का’ म्हणतात. कधीकधी वाटतं हाच माणूस बरा. तरुणपणी भेटला असता तर — असो. पट्टी घट्ट नाही ना होत?

आणि दाताच्या बाबतीत फार कडक. कोवळं कुत्रं पहिल्यांदा मेंढीच्या टाचेला तोंड लावतं ना, तिथल्या तिथं ओरडायचं, दोरी खेचायची, त्या दिवशीचं काम बंद. का? — कारण चावल्यावर मेंढी हलली, की कुत्र्याला समजलं, हे चालतं. ते एकदा समजलं की जन्मात काढता येत नाही. तर धाकटीचं शिकणं अर्ध्यावर आलेलं, आणि एक दिवस ह्यांच्या तोंडात शिट्टी आणि कुठली वाजवायची तेच आठवेना. मी गोठ्यातून बघत होते. मेंढ्या रस्त्यावर गेल्या, धाकटी चिखलात बसून ह्यांच्या तोंडाकडे बघतेय, आणि थोड्या वेळानं हेही खाली बसले. दोघंही बसलेले. मी हसले हो तेव्हा. मला वाटलं दमले असतील.

मग बर्फ पडला आणि ह्यांना निघायची सवय लागली. कुठं काय, ‘घरी जातो’ म्हणतात. घरातून निघतात घरी जायला! पायात सपाता, डोकं उघडं. कडी लावून बघितली ना — कडी लागली की घाबरतात, ती खिडकी दिसतेय का पुठ्ठा लावलेली, ती त्याच दिवसाची. लेक म्हणते, संस्थेत ठेव. बघून आले मी ती संस्था. स्वच्छ आहे. खाटांना पट्टे आहेत. एक म्हातारा पट्ट्याशी खेळत होता, उघडायला बघत होता, माझ्याकडे बघून म्हणाला, जरा हात लावता का? मी तशीच परत आले. वाईट होता का माझा नवरा? होता. पण पट्ट्यानं बांधावं एवढा — मला नाही ते जमलं, एवढंच.

आणि त्यानंतरच ते झालं. मी मागच्या पायरीवर, हातात राखेची बादली, आणि हे पार लांब, ओढ्याच्या अंगाला. हाका मारल्या. बाईच्या हाकेला कोण वळतंय! माझे गुडघे हे असे, बर्फात पाय रुतणारे, ओढ्यावरचा बर्फ पातळ. आणि माझ्या बाजूनं धाकटी सुटली. मी काही सांगितलं नव्हतं तिला, शपथ. लांबून फेरी घेतली तिनं, ह्यांच्या पलीकडे गेली, खाली बसली, नजर लावली — आणि हे वळले, सिस्टर! वळले ते सरळ माझ्यापाशी, पायरीपाशी. सुंठीवाचून खोकला गेला. मी बादली तिथंच टाकली आणि रडले. मग काय केलं असेल? शाबास म्हटलं तिला, खिशात पावाचा तुकडा होता तो दिला. तुम्ही नसता दिला? आणि ह्यांचं ऐका — अंगावरचा बर्फ झटकला आणि मला म्हणतात, ‘बाई, कुत्री फार चांगली आहे हो. कुणी शिकवली?’

मग रोजचंच झालं. ह्यांचीच शिट्टी, खुंटीवर लटकत होती, ती मी गळ्यात घातली. हे निघाले की निघू द्यायचं, जरा पाय मोकळे होतात, कडी लावायला नको, आरडाओरडा नाही. आपण भाजी चिरत एक डोळा खिडकीत. कुंपणापाशी पोचले की पायरीवर जाऊन शिट्टी वाजवायची — दोघंही घरी. चुकतंय म्हणून कधी मनात आलं नाही, उलट वाटायचं, केवढी अक्कल चालवली मी. मी कुत्रं शिकवलं! आयुष्यभर ऐकत आले, तुला काय कळतं त्यातलं.

तर मागच्या आठवड्यात हे अडले. कुंपणाला धरून उभे राहिले ते राहिलेच. धाकटी नजर लावतेय, तर ह्यांनीही तिच्या डोळ्याला डोळा भिडवला — बाकी सगळं विसरले, पण कुत्र्याला मागे कसं सारायचं ते हातापायांत आहे. वारा असा सुटलेला की मला श्वास घेता येईना. मी वाजवतेय, वाजवतेय. आणि ती मागून गेली आणि तिनं टाचेला हलकंच — हलकंच हो, मेंढीला असतं तर लोकरसुद्धा ओली झाली नसती. आणि हे चालायला लागले. मला ठाऊक होतं, सिस्टर. पहिल्या दाताला ओरडायचं, हे झोपेतसुद्धा सांगेन मी. ओरडायला तोंड उघडलंही होतं. पण ते येत होते ना! एकेक पाऊल घराकडे येत होते. मी ओरडले नाही. तोंड मिटलं, आणि आल्यावर तिला पाव दिला.

त्यानंतर ती नजर लावत बसत नाही. सरळ टाच.

हो. दातच आहेत ते. तार नाही, बिर नाही. झालं समाधान? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तुम्ही नुसत्या खाली मान घालून बसलात आणि सगळं काढून घेतलंत. — आता डोकं असं हलवू नका. म्हणजे वर कळवावं लागणार? मला माहीत आहे कळवल्यावर काय होतं, ती जाळीची गाडी येते. पुलापलीकडच्या खाटकाचं कुत्रं पोस्टमनला चावलं होतं, ते गेलं ते परत आलं नाही. अहो, पण तिची काय चूक? तिला जे शिकवलं ते ती करतेय! आणि गाडी आली म्हणजे चौकशी आली, आणि चौकशी म्हटलं की एकटी बाई, सांभाळायला असमर्थ, ह्यांनाही संस्थेत टाका — असंच ना? बोला की. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं म्हणतात, मी काय करायचं होतं ते तरी सांगा. दारात उभं राहून त्यांना ओढ्यात जाताना बघायचं होतं?

तुम्हाला काय, तुम्ही पिशवी उचलाल आणि जाल. इथं दुपार कलली की अंधार. दोघांना नेलंत तर मी कुणाशी बोलू — बहिऱ्या थोरलीशी? त्या तुरा सडलेल्या कोंबडीशी? धाकटी मी बोलले की मान वर करते. मी उठले की उठते, मोरीत गेले तरी दाराशी येऊन बसते. ह्या घरात आजवर मी हाक मारली आणि कुणी धावत आलं, असं कधी झालं नव्हतं, सिस्टर, कधीच. ह्यांचं एक सोडा, लेकसुद्धा नाही. तेव्हा असं करा ना, एकालाच न्या. चावलं म्हणून कळवू नका, नुसतं म्हणा, म्हातारा आता हिच्यानं आवरत नाही — ह्यांना न्या. कुत्र्याला राहू द्या.

नाही — तसं नाही म्हणायचं मला. तुम्ही तसं धरू नका, बोलण्याच्या भरात — अहो, तुम्ही कशाला उठताय? बसा. पायाची पट्टी सुटेल. काय? काय म्हणालात? मोठ्यानं बोला जरा. — ऐकलंत, सिस्टर? मला म्हणतात, ‘बाई, बरोबर आहे तुमचं. म्हातारा देऊन टाका. कुत्री तरुण आहे, अजून शिकेल.’ — कुणाबद्दल बोलताय हो तुम्ही? कोण म्हातारा? माझ्याकडे बघा. अहो, इकडे, माझ्याकडे — कळतंय का तुम्हाला कोण ते?

जा तुम्ही, सिस्टर. झाली ना पट्टी? वर काय कळवायचं ते कळवा, पण आत्ता जा. — धाकटे, सरक. दारातून बाजूला हो म्हणते ना, जाऊ दे त्यांना.