झेप घेणारा वाघ

मूलच्या बसस्थानकावर रंजीता चामोर्शीच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक तरुण इंजिनीयर मूर्तिकार बाबूभाईंना धारेवर धरून बसला होता.

"बाबूभाई, शाळेपुढच्या खांबावर बसलेला वाघ ठरला होता ना? झेप घेणारा काऊन केला?"

"सरपंच म्हणे, बसलेला म्हाताऱ्यावानी दिसते."

"आता सारं वजन पुढं गेलं, अन् पाया तेवढाच! मांगून वारा आला का खांबासकट पालथा पडन."

"नाई पडत, साहेब. चार जणांनी ढकलून पाह्यलं."

"कोन्या बाजूनं?"

"समोरून. मांगं कुंपण हाय ना."

"अरे बाप्पा! अन् वाघाच्या तोंडाखाली काय हाय?"

"पोरं बसतेत. सावलीत डबा खातेत."

"त्याच्याच खाली?"

"म्हणून तं पंजे दोन फूट लांबवले, साहेब. सावली पुरत नव्हती."