सिंहगाडीचा रंग

हॅलो?… हो, थोराच बोलतेय. बोल, व्हर्ना… जुन्या सर्कशीची एकच सिंहगाडी, एकच रस्ता, एकच दुपार. एका फोटोत गाडी पांढरी, दुसऱ्यात काळपट… बरं.

अगं, ऐक ना… शनिवारी मिरवणूक आहे, ठाऊक आहे मला. आणि तुमचा रंगारी ड्वेन पांढऱ्या रंगाचा डबा उघडून उभा आहे? त्याला सांग, झाकण लाव.

दोन गाड्या असतील, म्हणतो? मग दोन्हींवरच्या कोरीव सिंहांचा तोच सुळा कसा तुटलाय?… विचार, विचार त्याला.

मध्येच रंगवली? व्हर्ना, मागच्या दुकानाच्या शिडीवरचा माणूस दोन्ही फोटोंत त्याच पायरीवर आहे. गाडी रंगवून वाळेपर्यंत तो तिथेच लटकला होता का?

खरवडून काय बघणार? सर्कस बुडाल्यावर एका शेतकऱ्याने गाडीचं खुराडं केलं, तेव्हाच रंग लाकडापर्यंत तासला गेला. कोंबड्यांची साक्ष काढणार आहेस का?

हो, हो… तुझ्या आजोबांचं माहीत आहे. ‘मी ती निळी रंगवली’ असं अँटनआजोबा मरेपर्यंत सांगत राहिले, आणि दर नाताळात भाजलेल्या हंसाबरोबर त्यांचीही चिरफाड व्हायची. आता तर तू पितळी पाटीवर ‘पांढरी सिंहगाडी’ कोरून घेणार. म्हणजे थापाडे ठरले ते, कायमचे… मग रडू नकोस, भिंग घे.

माझ्याकडच्या झेरॉक्सवर नुसता डाग दिसतो. मूळ फोटो तुझ्याजवळ आहेत. मागे बँकेवर अमेरिकेचा झेंडा आहे?… राज्य वाढलं की झेंड्यावर तारा वाढतो, म्हणून तुम्ही जुन्या फोटोंची मंडळी तारे मोजून फोटोचं साल काढता ना? मोज.

दिसत नाहीत? कुठल्या फोटोत?… पांढऱ्या गाडीच्या. झेंडा हललाय म्हणतेस. मग पट्टे कसे आहेत?… रेखीव. वा! वाऱ्याने फक्त तारेच हलवले!

लाल पट्टे कसे आलेत?… काळेकुट्ट. आणि ताऱ्यांचा चौकोन?… पांढुरका? अगं, रोज सकाळी शाळेत सलाम ठोकायचीस, तो चौकोन कुठल्या रंगाचा असतो?

नाही, उन्हाने विटला नाही! दुसरा फोटो बघ. तोच खांब, तोच झेंडा… तारे दिसतात? किती?… अठ्ठेचाळीस. चौकोन काळपट ना?… झालं तर.

ऐक. मध्ये बोलू नकोस… व्हर्ना! ड्वेनलाही ऐकू दे.

पहिला फोटो साध्या डबा-कॅमेऱ्यातला आहे. त्या काळच्या स्वस्त फिल्मला निळा प्रकाश फार जाणवे, लाल जवळजवळ जाणवतच नसे. म्हणून निळं पांढरं उमटलं आणि लाल काळं. दुसरा स्टुडिओवाल्याचा. फिल्मऐवजी त्याने वापरलेली काच सगळे रंग टिपणारी होती, आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे त्याने पिवळी काच लावली होती. ती निळा प्रकाश अडवते, म्हणून निळं काळपट आलं.

गाडी पांढरी असती, तर दोन्ही फोटोंत पांढरी आली असती. लाल असती, तर पहिल्यात काळी. झेंड्याचा निळा चौकोन आणि गाडी दोन्ही फोटोंत एकसारख्याच बदलल्या आहेत.

गाडी निळी होती. ठेवते.