घ्यायची तर शेळीसकट

हॅलो?... हां ताई, बोल... शोरूममध्येच आहे गं, अजून कुठे असणार? महिन्याचा शेवटचा दिवस आज, सहाला शटर पडेपर्यंत जीव टांगलेला... नाही नाही, चारचं लक्षात आहे ना! तेवढा वेळ मागून ठेवलाय. आधी तुला घेते, मग आईला, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे... हो, नेहमीसारखंच. औषधांच्या दुकानाचा कोपरा. उभी राहा तिथे.

अगं बोल की, गिऱ्हाईक कुठलं आत्ता? मी आणि कॉफीचं मशीन, दोघंच आहोत... काय म्हणाले भावोजी?... खरंच?... नाही, अगदी कसे म्हणाले ते सांग. त्यांचे शब्द सांग... "परवाची ती झाकलेली गाडीच हवी, दुसरी मला दाखवूच नका"... अगं बाई! थांब. थांब जरा, खाली बसू दे मला...

काही नाही साहेब! घरचा फोन आहे... म्हणजे गिऱ्हाईकाचाच... हो हो, दोन्ही एकच!

आमचे मॅनेजर गं. सकाळपासून काचेच्या केबिनमधून माझ्या तोंडाकडे बघत बसलेत. सांगितलं नव्हतं का तुला, मुख्य कचेरीचं पत्र आलंय ते? या महिन्यात बारा गाड्या गेल्या नाहीत तर हे शोरूम बंद. अकरा गेल्यात... हो ना! म्हणजे भावोजींची बारावी!... नऊ वर्षं झाली गं मला इथे... रडत नाहीये, सर्दी झालीय.

पण अगं ऐक ना. एक सांगायचं राहिलंय... किमतीचं नाही. किंमत ऐकून तर भावोजी उडी मारतील... अगं, परवा मी म्हटलं होतं ना, कुठल्या कंपनीची ते आत्ता विचारू नका, आधी चालवून बघा?... हो, पुढच्या चिन्हावर टेप, मागच्या चिन्हावर टेप, स्टिअरिंगच्या मधोमध टेप. माझ्या हाताने लावलेली... मग भावोजींना काय वाटलं?... समोरच्या शोरूमचं, गरुडवाल्यांचं नवं मॉडेल?... मी कधी म्हटलं तसं? आठव बरं. मी नुसती हसले... हसणं म्हणजे हो नसतं, ताई.

आमची आहे ती... आमची म्हणजे आमची! ज्यांची नोकरी करते त्यांची... हो... हो, शेळीवाली.

हॅलो?... ताई?... अगं हळू, कान फुटला माझा...

फसवलं? मी फसवलं? पाऊण तास गाडी कुणी चालवली, मी? दार उघड, दार लाव, उघड, लाव, शेवटी शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "आवाज ऐका, आवाज! या आवाजातच कळतं, खानदानी गाडी आहे." कोण म्हणालं हे?... आणि तू? त्या खोदून ठेवलेल्या रस्त्यावर मागे बसून लिपस्टिक लावलीस. लावलीस की नाही? गेली का कुठे रेषेबाहेर?... मग! शेळीने लावू दिली तुला ती लिपस्टिक!

आणि शेळी नाहीये गं ती, किती वेळा सांगू? रानबोकड आहे. युरोपातल्या डोंगरात असतो, कड्यावर चढतो, बर्फात घसरत नाही. शिंगं बघ ना केवढी, पाठीपर्यंत गेलीत... बरं बाई, शेळी तर शेळी.

हसतायत म्हणजे कोण हसतायत?... तुझी शेजारीण? काय म्हणते ती?... मयताची गाडी? हो, घेतल्यात ना शववाहिकावाल्यांनी. तीन घेतल्या, तिन्ही मी विकल्या. का घेतल्या ते विचार की. धक्के बसत नाहीत म्हणून!... त्या लोकांना काय कळतंय? अगं आडव्या माणसाला नसेल कळत, शेजारी बसलेल्या चार नातेवाइकांना कळतं ना! आणि फक्त तेच घेतात असं नाही. सुईणबाईंनी घेतली, ती दातांची डॉक्टर नाही का, तिने घेतली, पहाटे घरोघर पाव पोचवणाऱ्याने दोन घेतल्या. ज्यांना वेळेवर पोचावंच लागतं ते घेतात. ज्यांना नुसतं उतरताना दिसायचं असतं ते जातात समोर, गरुडवाल्यांकडे.

नाही, टोमणा नाही मारला... बरं, मारला. मग?

अगं भावोजी विमा कंपनीत शाखाधिकारी झालेत, माहितीये मला. कचेरीच्या दाराशेजारची गाडी लावायची जागा मिळालीय, नावाची पाटी लावलेली, आनंदच आहे... हो... हो, विमा घ्यायला आलेला माणूस आधी गाडी बघतो, मग साहेब बघतो... अगं पण मी म्हणते, विम्याच्या माणसाने जपून चालणारी, कमी बिघडणारी गाडी घेतली, तर उलट विश्वास वाढायला नको का लोकांचा?... नाही वाढत? कमाल आहे.

तुला गंमत सांगू? मागच्या वर्षी कंपनीने किंमत उतरवली. लोक काय म्हणाले? काहीतरी खोट असणार, उगाच नाही स्वस्त देत. मग चढवली. तर म्हणतात, एवढे घालायचे तर थोडे अजून घालून गरुड नाही का येत? मग मुख्य कचेरीला साक्षात्कार झाला की गाडीत काही नाही, सगळं दिसण्यात आहे. पांढरे सोफे आले. कॉफीचं मशीन आलं. भिंतीवर एक बाई आली, गाडीला टेकलेली, केस वाऱ्यावर. आता लोक येतात, सोफ्यावर बसतात, कॉफी पितात, त्या बाईकडे बघतात आणि समोर जाऊन गाडी घेतात. रोज डोळ्यांनी बघते मी हे. मग आणली एक टेप. म्हटलं, एकदा काही न बघता नुसतं चालवू तर दे यांना...

अगं, इंजिन तेच आहे! हजारदा सांगितलं. गरुडवाल्यांचा आणि आमचा कारखाना एक. इंजिन तेच, गिअर तेच, भावोजी ज्याच्या आवाजावर भाळले ना, त्या दाराचं बिजागरसुद्धा तेच. पुढे येऊन एका रांगेला गरुड लावतात, एका रांगेला शेळी. तेवढ्यावर किंमत दीडपट... खोटं कशाला बोलेन? जा, कुठल्याही मेकॅनिकला विचार...

काय?... ऐकतायत? फोन स्पीकरवर आहे? अगं मग आधी सांगायचं नाही का! शिंगांपासून ऐकलं सगळं?... दे. दे त्यांना.

नमस्कार भावोजी... नाही, नाही, तसं अजिबात नाही... अहो तुमची चेष्टा मी करीन का? करते, पण ही नव्हती... हो, टेपचं चुकलंच, आधी सांगायला हवं होतं... हो... बरोबर... नाही, ते तुमचं कौतुकच आहे, तुमचा कान चुकला नाही. कान अगदी बरोबर सांगत होता तुम्हाला... हो... म्हणजे... घेताय?... घेताय! अहो भावोजी, काय सांगू तुम्हाला... साहेबांना खूण करते, एक मिनिट... आज? सहाच्या आत येऊन सही करताय? अहो मी फॉर्म भरून ठेवते, तुम्ही फक्त...

अट? कसली अट?... हो, इंजिन तेच, मीच म्हटलं... गिअर तेच, हो... मग?... काय काढायचं?... अं?... परत सांगा, ऐकण्यात चूक होतेय माझी... शेळी काढायची आणि गरुड लावायचा.

मिळतो? कुठे मिळतो?... ऑनलाइन. दोन दिवसांत घरपोच. पुढचा, मागचा आणि स्टिअरिंगचा... नाही, तुमचं गणित बरोबर आहे. आतून तर तीच आहे, मग खोटं कसलं... आणि बसवायचं कोणी? आमच्या मेकॅनिकने?... बाहेरच्या कुणाला कळायला नको म्हणून. हं... म्हणजे जोपर्यंत शेळी निघत नाही तोपर्यंत सही नाही.

एक मिनिट हं, भावोजी. आमचे साहेब आलेत.

हो साहेब... बारावीच... अंगठा नका दाखवू साहेब, अजून झालेलं नाहीये. सांगते. बसा ना तिथे. कॉफी घ्या.

हां भावोजी... नाही... नाही म्हणजे नाही. शेळी निघणार नाही... मला कळतंय. हो, एवढंसं चिन्ह आहे. तळहाताएवढं... शोरूम जाईल, हो... नोकरीही जाईल. माझीच जाईल, मला कळणार नाही का?... अहो, तुम्हाला गाडी आवडली, दाराचा आवाज आवडला, किंमत आवडली. म्हणजे नाव सोडून सगळं आवडलं! मग नावाने काय घोडं मारलंय तुमचं?... मान आहे हो तुमचा. मान आहेच. पण आमच्याकडे गाडी घ्यायची तर शेळीसकट. नाहीतर समोर जा, रस्ता ओलांडला की दार आहे. तेही कॉफी देतात... उद्धट तर उद्धट... द्या तिला.

ताई... ताई, ओरडू नकोस... हो, गमावतेय. हातातली गमावतेय, माहितीये मला... कशाला एवढा तोरा म्हणजे?...

काय म्हणालीस?

...

हो. मीच झाकली.

बरोबर बोललीस. टेप मीच लावली. आधी लाज मी लपवली, मग ते लपवायला बघतायत, फरक काय?... फरक आहे गं थोडा. माझी टेप काढायची होती. नंतर, सगळ्यांसमोर, टरकन काढायची होती. त्यांना कायमची लावायचीय, गरुडाच्या आकाराची... पण खोटं नाही बोलत, लागलं तुझं बोलणं. तुझं खरं आहे. नऊ वर्षं त्या गाडीच्या गुणांवर घसा कोरडा केला आणि शेवटी तिचं तोंड झाकून विकायला निघाले.

अगं, एक विचारू? चिडशील... मी माझ्या जुन्या शेळीगाडीत तुला औषधांच्या दुकानापाशी का घेते गं? दाराशी का नाही?... चालायला बरं वाटतं तुला. हं. आणि मुसळधार पाऊस होता तेव्हा?... आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा? काठी टेकत टेकत, भिंत धरून कोपऱ्यापर्यंत आलीस. मी आरशात बघत होते, ताई. खाली उतरून हात धरायला हवा होता, तेही केलं नाही. गाडी पुढे आणली तर तुझ्या पायऱ्यांवर बसलेल्या मैत्रिणी बघतील, म्हणून आतच बसून राहिले... हो, माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वेडी आहे का मी?

का नाही बोलले... मलाच लाज वाटायची म्हणून. जगाला सांगत होते, चांगली आहे, चांगली आहे. आणि सख्ख्या बहिणीने कोपरा सांगितला की मुकाट्याने कोपरा. मनात म्हणायचे, असेल बाई, असेल आपलीच लाज वाटण्यासारखी.

तू नको रडू आता. मी रडत नाहीये... सर्दी नाही. रडतेय. बरं?

ऐक. ऐक ना. चारला मी येतेय. पण कोपऱ्यावर नाही. दाराशी. तुझ्या गेटसमोर, पायऱ्यांच्या अगदी पुढ्यात गाडी लावणार आणि हॉर्न वाजवणार. माझी जुनी नाही आणत, परवाचीच आणतेय, ती लाल... बसायचं असेल तर बस. नाहीतर आईला मी एकटी नेईन, राग नाही धरणार. पण कोपऱ्यावर मी परत येणार नाही, ताई. आज नाही, कधीच नाही. भावोजींना सांग, कंपनीचं शोरूम बंद पडलं तरी पडू दे, मी पुढची नोकरी बघीन, पण...

एक मिनिट.

नाही साहेब. नाही गेली बारावी... गिऱ्हाईक तयार होतं, मीच नाही म्हटलं... का ते सांगते मी तुम्हाला, जरा दमाने घ्या. सहा वाजायचेत अजून.

हां, बोल... काय?... नीट बोल, नाक पूस आधी... काय म्हणालीस?... ऐकू आलं गं. तरी परत म्हण... "मी बाहेरच उभी राहते"... गेटच्या आत की बाहेर?... बाहेर. पायऱ्यांसमोर. त्या बघत असल्या तरी?... त्यांना सांगणार? काय सांगणार?... शेळीची वाट बघतेय म्हणून! अगं ए, ताई!

आणि भावोजी?... तोंड फुगवून बसलेत? बसू देत... घराची किल्ली कशाला शोधतायत?... तेही येतो म्हणतायत? कशाला, आईचे डोळे तपासायला?... चालवायला! सही करतील का?... माहीत नाही. बरं. मलाही माहीत नाही. चालवू देईन, पण पाहतील तेव्हा शेळी तिच्या जागेवर असेल, एवढं सांगून ठेव त्यांना. दार मात्र एकदाच लावायचं म्हणावं, कुत्र्याला त्रास होतो.

हॉर्न दोनदा?... बरं, दोनदा. मोठ्याने... हो गं, मोठ्याने.

ठेव आता. चारच्या आत मला टेप काढायचीय.