हौसाबाईची जागा

मंडळी, टाळ जरा थांबवा. पेटीवाले बुवा, तुम्हीही थांबा. आधी एक विचारायचंय, आणि मनातल्या मनात का होईना, खरं उत्तर द्या. देवाला विटाळ कशाचा होतो? चामड्याचा? घामाचा? की आणखी कशाचा? — आत्ता सांगू नका! आख्यान ऐका, मग सांगा.

एक शहर होतं. फार लांबचं नाही! त्या शहरात एक गल्ली. एका बाजूला भंगारवाले, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगची दुकानं, मधनं उघडं गटार. आणि गल्लीच्या तोंडाशी एक लांबलचक मोकळी भिंत. आता मोकळी भिंत दिसली की आपल्याकडच्या पुरुषाला काय होतं, हे मी सांगायला पाहिजे का? — हसताय! बायका हसत नाहीत बघा. त्यांना नाकाला पदर लावून तिथनंच जावं लागतं.

त्या भिंतीच्या टोकाला हौसाबाई बसायची. चपला शिवायची. नवरा गेला, तेव्हा तिनं त्याची लोखंडी ऐरण, आरी आणि रापी उचलली आणि त्याच्याच जागेवर येऊन बसली. बावीस वर्षं! रोज सकाळी नळावरनं दोन बादल्या पाणी आणायची, ती सगळी भिंत धुवायची, मग गोणपाट अंथरायची. नगरपालिकेनं सांगितलं होतं? नाही! पगार होता? कुठला! "जिथं बसून दोन घास खायचे, तिथं घाण कशी ठेवू?" एवढंच तिचं म्हणणं.

समोर एका शेठचं हार्डवेअरचं दुकान. नाव शेवटी सांगतो. दुपारपर्यंत भिंत पुन्हा ओली, आणि वासानं गिऱ्हाईक टिकेना. शेठनं डोकं चालवलं. देवांची चित्रं असलेल्या आठ टाइल्स आणल्या. गणपती, दत्त, देवी, मारुती... भिंतीवर चिकटवल्या. किती उंचीवर? गुडघ्याएवढ्या! कारण धार तिथंच लागते ना! अहो, ज्या देवाला घरात चांदीच्या ताम्हनात आंघोळ घालता, त्याला मुतारीचा वॉचमन केलात? लाज नाही वाटली?

उपाय मात्र लागू पडला. दुसऱ्याच दिवशी एक गडी घाईघाईनं आला. भिंतीकडं तोंड केलं, तर पुढ्यात दत्तमहाराज! गड्यानं जीभ चावली, हात जोडले, चार पावलं पुढं सरकला — आणि मोकळा झाला. कुठं? हौसाबाईच्या गोणपाटावर! ती प्यायच्या पाण्याचा तांब्या भरून नळावरनं येतच होती.

"दादा, देव दिसला, माणसाचं अंथरूण दिसलं नाही का?"

"मावशी, ओरडताय कशाला? तुम्ही होता का तिथं बसलेल्या?"

घ्या! याला म्हणायचं भाविक!

हौसाबाईच्या दोन बादल्यांच्या चार झाल्या. वर आणखी एक काम वाढलं. रिक्षा गेली की गटाराचं पाणी उडायचं, ते थेट देवांच्या तोंडावर. मग ही ऐरण सोडून उठायची आणि पदरानं एकेक तोंड पुसायची. म्हणायची, "दत्ता, तुझंही माझ्यासारखंच झालं की रे. आणून बसवलं रस्त्यावर, आणि आता कुणी विचारत नाही."

पण दत्ताला लवकरच विचारायला लागले! कुणी हार घातला, कुणी नारळ फोडला. पत्र्याची शेड आली, घंटा आली, मंडळ आलं. शेठ अध्यक्ष! आणि एके सकाळी शेठ चारजणांना घेऊन हौसाबाईपुढं उभे.

"हौसाबाई, देवांना हात लावायचा नाही. आणि इथनं उठा. देवापुढं चामडं चालत नाही."

"शेठ, देवाला तुम्ही आत्ता आणलंत. मी बावीस वर्षं हितंच हाय. आणि रोज त्यांचं तोंड कोण पुसतंय?"

"वाद नको!"

चामडं चालत नाही? अहो, शेठच्या कमरेला पट्टा कसला होता? आणि हा आमचा पखवाज... वाजवा हो एक थाप! ऐकलंत? याच्या तोंडावर काय ताणलंय, केळीचं पान? हे चामडं देवापुढं वाजवता, आणि चामडं शिवणारीला उठवता! चौघांनी तिची ऐरण उचलली आणि मागच्या बोळात, कचऱ्याच्या ढिगाशी नेऊन टाकली. बावीस वर्षांची जागा पाच मिनिटांत गेली.

पुढं काय झालं? शेडचा आडोसा झाला. हौसाबाई उठली होती, हटकणारं कुणी उरलं नाही. लोक पुढनं नमस्कार करायचे आणि शेडमागं जाऊन धार धरायचे! आठ दिवसांत असा वास सुटला की उदबत्त्यांचा पुडा लावला तरी हटेना. मग शेठ स्वतः बोळात गेले. "हौसाबाई, पूर्वीसारखं धुऊन देत जा. मात्र मागनं ये, मागनं जा. देवापुढं येऊ नकोस."

ती शांतपणे म्हणाली, "घाण काढायला माझा हात चालतो, आणि जोडायला चालत नाही? जागा द्या, मग भिंत धुते."

शेठनं मान फिरवली. तिनं आरी उचलली आणि पुढची चप्पल घेतली.

मंडळी, मी हे कुठं ऐकलं? आज इथं येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बोळात वळलो, तिच्यापुढं बसलो. ती शिवत होती, मी ऐकत होतो. म्हटलं, "बाई, कीर्तनाला या." म्हणाली, "बुवा, कुठल्या बाजूनं येऊ?"

माझ्या कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, आणि तिनं शिवलेली चप्पल घालून मी पुढच्या बाजूनं इथं आलो!

वास येतोय ना? मघापासनं रुमाल नाकाला लावून बसलाय की सगळे! हीच ती भिंत, हीच ती शेड. आणि नंदूशेठ, खाली बघू नका, नाव शेवटी सांगतो म्हटलं होतं. बाकीच्यांनीही त्यांच्याकडं बघू नका! ऐरण उचलणारे चौघं याच मांडवात आहेत, आणि गप्प बघणारे तर सगळेच आहात.

आता सांगा, देवाला विटाळ कशाचा?

आरतीचं तबक पेटलंय. पण मी आरती म्हणणार नाही! नंदूशेठ, उठा. बोळात जा, तिची ऐरण स्वतःच्या हातानं उचला आणि होती तिथं आणून ठेवा. जड आहे. लागलं तर मी एका बाजूनं धरतो.

चला. देव थांबलेत.