सांदणाचा डबा

नाही भाभी, आत नको, बसत नाही मी — हा डबा तेवढा द्यायचा राहिला होता म्हणून वर आले. तुमचाच ना? झाकणावर नाव आहे की कोरलेलं, झुबेदा हमीद, चिपळूण — इथं रास अल खैमात राहून डब्यावर गाव कोरून ठेवलंय, बरं केलंत. बारा दिवस पडून होता आमच्या ओट्याखाली. अस्मिता म्हणाली, कचऱ्यात टाका. मी म्हणलं, असं कुणाचं भांडं टाकतात का? घासून-पुसून ठेवला. आणि रिकामा नाही हं आणलेला — आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत, तुमच्याकडंही नसतील करत, एवढं एक तरी घाटाच्या वर-खाली सारखंच असेल. साखर घातलीय मूठभर. दुसरं काही करायचा धीर झाला नाही.

बरं, टेकते. पाचच मिनिटं. समाधान साडेचारला खाली गाडी घेऊन येतोय, हॉस्पिटलमधनं थेट — शारजावरनं विमान आहे माझं. व्हिसा अजून अठरा दिवस आहे खरं तर, तरी त्यानं तिकीट काढलं. म्हणाला, आई, इथं आता तुझ्याकडं बघायला कुणी नाही. माझ्याकडं कशाला बघायला लागतंय? मीच पोरीकडं बघायला आले होते, ही दोघं ड्युटीवर म्हणून. शुभ्रा? आहे तशीच. परवा वॉर्डात आणली, तोंडातली नळी काढली. डोळे उघडते. पण उघडून बघत नाही, कळतंय का, नुसते उघडे असतात. मी शुभू म्हणून हाक मारली तर छताकडंच बघत राहिली. पाच वर्षांची पोर, दिवसभर तोंड मिटायची नाही तिचं. डॉक्टरीणबाई मल्याळी आहेत, हिंदीत म्हणाल्या, दिमाग को ऑक्सिजन कम मिला, वक्त लगेगा. किती वक्त, ते नाही सांगत. इन्शाल्ला म्हणतात. अस्मिता तिचा हात धरून बसलेली असते, माझ्याशी बोलत नाही — तशी कुणाशीच बोलत नाही. तुम्ही भेटायला आला होतात आणि तिनं तुम्हाला दारातनंच परत पाठवलं, ते मी बघितलं. मनाला लावून घेऊ नका, तेच सांगायला आले. डबा आपलं निमित्त.

सुनेचं आणि माझं कधी जमलंच नाही, भाभी, खोटं कशाला बोलू. आमचं गाव हेळवाक, कुंभार्ली घाटाच्या अगदी डोक्यावर. घाट उतरला की पोफळी, तिचं माहेर. एसटीनं तास लागत नाही. जिल्हा तेवढा बदलतो, आमचा सातारा, त्यांची रत्नागिरी — सरकार एक, भाषा एक. तरी लग्नात त्यांच्या मांडवातनं आमची माणसं अर्धपोटी उठली, भातावर भात वाढत होते नुसते. आणि आमच्याकडं पूजेला आलेल्या त्यांच्या बायका ताटातली भाकरी बघून एकमेकींकडं बघून हसल्या. मी पाहिलं ना. घाटी म्हणतात आम्हाला पाठीमागं. आम्हीही त्यांना काय काय म्हणतो, ते राहू दे. मी समाधानला म्हणलं होतं, अरे, आपल्या वरच्या अंगाला पोरी कमी पडल्या का? पण दोघं पुण्यात एका ऑफिसात, ठरवूनच आले घरी.

आणि इथं येऊन बघते तर काय — हिच्या स्वयंपाकघरात सगळं कोकण. नारळ, सोलं, तांदळाचं पीठ, भाजीत खोबरं, आमटीत खोबरं. माझा समाधान दाण्याच्या कुटाशिवाय भाजीला हात लावायचा नाही, तो खोबऱ्याची आमटी ओरपतोय. आणि शेंगदाणा घरात आणायचा नाही — का, तर शुभ्राला अॅलर्जी. मला वाटलं, ही नवीनच युक्ती. तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं मी अंगणवाडीत होते, शेंगदाण्या-गुळाचे लाडू या हातांनी वळले, हजारभर पोरांना भरवले, एकाला कधी पुरळ उठलं नाही. आणि माझ्याच नातीला शेंगदाणा चालत नाही? खोबरं चालतं, शेंगदाणा चालत नाही? म्हणजे आईकडचं सगळं चालतं आणि बापाकडचं नाही, असंच झालं की. हो, रिपोर्टचे कागद दाखवले तिनं, इंग्रजीत होते. दारामागं ती लाल पिशवी टांगलेली, तिच्यात इंजेक्शनचं पेन, मांडीला कसं टोचायचं तेही दाखवलं. मी हो-हो म्हणलं. आले त्याच दिवशी माझी बॅग उघडून तिनं शेंगदाण्याची चटणी काढली आणि हातमोजे घालून खाली कचऱ्यात टाकून आली. हातमोजे घालून, भाभी. पाट्यावर वाटली होती मी ती.

आणि पोर सगळा वेळ तुमच्याकडं. शाळेतनं आली की बूट न काढता वर, नानीकडं. माझ्याशी इंग्रजीत — आज्जी, वेट, आज्जी, नॉट नाऊ. भाकरी पुढं केली की नाक मुरडणार, आय वॉन्ट नानीज् राइस. तुमची ती नारळाच्या रसातली खापरोळी, तुमचं ते तांदळाच्या रव्याचं गोड सांदण. तुम्ही आणि अस्मिता जिन्यात उभ्या राहून तुमच्या त्या खालच्या बोलीत हसायचात, मला निम्मं कळायचं नाही. तुम्ही मुसलमान, ती हिंदू, पण तुमचं जेवण एक, बोलणं एक, आणि मी सख्खी आजी, मी पाहुणी. राग यायचा मला तुमचा. आता जाताना सांगून टाकते.

पाणी दिलंत, बरं झालं. घसा सुकतो इथं त्या एसीनं. — हे काय, फडताळ मोकळं का तुमचं? डबे कुठं गेले? टाकलं? सगळं? तांदळाचा रवा, पीठ, गूळ — सगळं टाकून दिलंत? अहो कशाला? रव्यात काही नव्हतं, भाभी. तुमच्या रव्यात काही नव्हतं, सांदणात काही नव्हतं, उगाच कशाला एवढं चांगलं धान्य — म्हणजे, मला म्हणायचंय, नसणार. एवढ्या जपणाऱ्या तुम्ही. पोरीसाठी तीन वर्षं घरात शेंगदाणा आणला नाहीत, अस्मितानंच सांगितलं होतं मला. असं बघू नका. मला कसं माहीत म्हणजे? मला —

चमचाभर. एक चमचा, भाभी, सपाट. इसबगोलाच्या डब्यातनं कूट आणलं होतं मी, तो डबा तिनं उघडला नव्हता. त्या दिवशी पोर तुमच्याकडनं हा डबा घेऊन खाली आली, सांदण खाल्लं, खुशीत होती, आपण होऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसली. मी भाकरी कुस्करली, गूळ घातला, तूप घातलं, मलिदा करतात तसा, आणि म्हणलं, थोडं थोडं पोटात गेलं की सवय होईल. हिच्या अंगात आमच्याकडचंही काही जाऊ दे की. तिच्या हत्तीच्या वाटीत दिला. खाल्ला तिनं. बोटं चाटून खाल्ला, भाभी. म्हणाली, आज्जी, मोअर. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं माझ्या हातचं मागून खाल्लं, काय वाटलं मला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. अजून घालायला म्हणून उठले, तर पाठीमागं खोकली.

लगेच आले की मी तुमच्याकडं धावत. लगेच म्हणजे — ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, ते बघितलं मी. कळलं मला. पोर कधी खोटं खोकतं आणि कधी खरं, एवढं कळतं मला, जन्म त्यात गेला. लाल पिशवी समोर होती. आणि मी वाटी धुतली. हो. आधी वाटी धुतली. कूट लागलं होतं ना वाटीला, अस्मिता येईल, बघेल. साबण लावला, विसळली, पुसून जागेवर ठेवली. चमचा धुतला. इसबगोलाचा डबा संडासात रिकामा केला, दोनदा पाणी सोडलं. पोर बाहेर आज्जी, आज्जी करत होती, मग करायची थांबली. मग मी वर आले. इंजेक्शन तुम्ही दिलंत, हमीदभाईंनी गाडी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाँच मिनट पहले मिलता तो. ते मला कुणी सांगायला नको होतं, भाभी. ती पाच मिनिटं कुठं गेली ते माझ्या हातांना माहीत आहे.

समाधाननं विचारलं, आई, काय खाल्लं होतं तिनं? मी म्हणलं, झुबेदाभाभींच्या डब्यातलं सांदण. खोटं नव्हतं ते, खाल्लंच होतं तिनं. एवढंच म्हणाले मी, पुढचं त्यांनी त्यांचं लावलं. आणि अस्मितानं काय केलं माहीत आहे? घरातला नारळ काढून टाकला. किसलेलं खोबरं, सोलं, माहेरनं आलेलं सगळं. म्हणाली, माझ्या माणसांच्याच हातचं नडलं मला. आता त्या घरात खोबरं शिजत नाही. मला हेच पाहिजे होतं ना?

तुम्ही सांगा हवं तर तिला. पण तुमचं ती ऐकायची नाही, स्वतःला सोडवायला म्हातारीवर ढकलताय म्हणेल. माझ्याच तोंडून यायला पाहिजे, ते मला कळतं. कळतं हो. पण मग समाधान मला पुन्हा दारात उभं करायचा नाही. पोर आज ना उद्या उठेल, बोलेल, आणि मला ती फोनवरसुद्धा दिसणार नाही. तुम्हाला काय, तुम्ही शेजारी, आज इथं, उद्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. विसरून जाल. मी कुठं जाऊ — कुणाला फोन लावताय?

नको भाभी. आत्ता नको, ती पोरीजवळ असेल. माझ्या हातात कशाला देताय — हॅलो. हां, अस्मिता, मी आई. झुबेदाभाभींच्या फोनवरनं, हो. ठेवू नको, ऐक. शुभू काय करतेय? झोपलीय. बरं. मी काय म्हणत होते — त्या दिवशी ना, ती हत्तीची वाटी — नाही, काही नाही. वाटी वरच्या खणात ठेवलीय, एवढंच सांगायचं होतं. भाभींचा डबा दिला मी. हो, निघतेच आता. जेवून घे तू.

ठेवला तिनं. बघू नका असं. घरी पोचले की सांगते तिला, गावाकडनं. लांबनं बोलायला बरं पडतं. खरंच सांगेन, भाभी. हॉर्न वाजतोय खाली, समाधानच असेल, उठते मी. हे काय, डबा मला कशाला परत? तुमचं नाव आहे त्याच्यावर. घ्या की. भाभी, दार नका लावू — रिकामा नाही तो, साखर आहे आत.