खाटकाचा ठोकळा

सुरतला आम्ही नवीन होतो ना, तेव्हाची गोष्ट. आमची पिंकी नुकतीच रांगायला लागलेली. मी विळी घेऊन खाली बसले की ती थेट पात्याकडेच यायची. माझा जीव नुसता टांगणीला. आमचे हे फर्निचरच्या कारखान्यात सुतार. म्हणाले, "तू ओट्यावर उभ्यानं सुरीनं काप. खाटकाकडे असतो ना, तसा जाड ठोकळा करून देतो." सागाचे, बाभळीचे उरलेले तुकडे आणून ते जोडायला बसले.

ठोकाठोक ऐकून घरमालकीण मासी दारात आली. घरात मांसमच्छी आणायची नाही, या अटीवर तिनं खोली दिलेली. "शुं बनावो छो?" तिनं विचारलं. घाबरून माझ्या तोंडून निघून गेलं, "खाटकाचा ठोकळा."

आता आपलं सामान रस्त्यावर, असंच मला वाटलं. पण मासी म्हणाली, "खाटां ढोकळां? अमने पण चखाडजो."

तिला आंबट ढोकळा ऐकू आला वाटतं. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ढोकळा केला. तो फुगलाच नाही. तरी पिंकीला कडेवर मारून ताटली घेऊन गेले.

मासीनं एक तुकडा कसाबसा गिळला, पिंकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या मराठीत म्हणाली, "बेन, इतके वरस मराठी भाडूत ठेवते मी. ठोकळा मला कळते. तुझा तोंड पांढरा पडला, म्हणून मी ढोकळा बोलली. तू भाजी काप त्याच्यावर. पण ढोकळा आता मीच करीन."