पंचफुला आकडा हाये का नाव?

नाई जी नाई, टायपिंग नोहे — टायपिंगचा क्लास तं खालच्या मजल्यावर, थे वेगळं — कॉम्प्युटर! धंतोलीत शिकाले जातो मी. बसा ना वामनकाका, उमरेडहून एस.टी.त उभ्यानं आले तुमी, पाठ टेका जरा. पोरगा काय करते हे बापानं इचारलंच पाहिजे — का नाई? इचारलंच पाहिजे! एकुलती एक पंचफुला देऊन राहिले तुमी, वांगे थोडेच देऊन राहिले. अन् मी बी काही लपवत नाई — तिले पाहून आलो तवापासून जेवणात ध्यान नाई, झोपेत ध्यान नाई, माय म्हनते पोट्ट्याले दृष्ट लागली — हे तुमाले सांगाचं नोहतं, पन निंगालं तोंडातून, जाऊ द्या.

तं क्लास! खोलीत शिराच्या आधी चपला बाहेर, देवळात काढतो तशा — काहून? धुळीनं मशीन बिघडते म्हने. कूलरचं तोंड बी मशीनकडंच, घाम आमी पुसाचा. कोन, मी शिकवतो? नाई नाई... मायनं तसं कळवलं अशीन, माय तशीच हाये. मी शिकून राहिलो. एकच धडा झाला आतापावेतो — पन पक्का! समजा एक पिशवी हाये. तिच्यात आकडे, नावं, अन् आनखी पिशव्या. मशीनले सांगाचं, आकडे तेवढे काढ. आकडा दिसला — बाहेर. नाव दिसलं — राहू दे. अन् पिशवी दिसली तं? सोडाची नाई जी! उघडाची, आत पुन्हा तेच, त्याच्या आत पुन्हा तेच. मी पयले आतल्या पिशव्या सोडूनच देल्ल्या होत्या, तं सर चिडले. कवडू सर. माह्याच वयाचे, लग्न व्हायचं हाये, लै हुशार — दिसाले बी चांगले हायेत, खोटं काहून बोलू.

मंग एक दिवस सर म्हने, आपापली नावं टाका. आता माह्या डोस्क्यात एकच नाव! पन एकेक अक्षर कोन शोधत बसन — म्हटलं पंच म्हनजे पाचच ना — पाच दाबला, जागा सोडली, फुला लिवलं. झालं! मशीननं पाच उचलून आकड्यांत टाकला अन् फुला राहिली नावांत. तुमच्या पोरीचे दोन तुकडे, काका! मले तं घामच फुटला. सर पोट धरून हासले, म्हने गिरिधर, हे पाच फुला कोन? मी काहून लपवू? सांगून टाकलं — उमरेडची हाये, मॅट्रिक झाली, हातमागावर असं लुगडं विनते का पाहात राहावं, बाप वामनराव, मानूस साधा, कोनाले नाई म्हनत नाई. सरनं दोन डाव इचारलं, घर कोन्या गल्लीत? भला मानूस! दुसऱ्याच्या सोयरिकीत एवढं ध्यान कोन घालते आजकाल?

समजलं नाई अजून? थांबा, तुमच्याच पिशवीवर दाखवतो. आना ना जी — अशी दाबून काहून धरून राहिले? सोडा. हं. एस.टी.चं तिकीट — आकडा, बाहेर. टावेल — राहू दे. रुमालाची गाठोडी — हे झाली आतली पिशवी, हे तं उघडाचीच — नाई नाई, उघडाचीच, इथंच तं सगळे चुकतात! — फोटो! माहाच हाये, मायनं पाठवलेला, बरा आला ना? अन् याच्या खाली कोन हाये, टाय लावलेला —

हे तं कवडू सर.

उमरेडले आले होते? कवा? ...सोताच? ...अन् पंचफुलानं पाह्यलं त्याईले?

काय म्हनली?

...हासली. मी आलो तवा तं वर बी नाई पाह्यलं तिनं.

माय वं — पोहे नोको टाकू. काका निंगून राहिले.